पेढी मामाची, मेल भाच्याचा

सुरतेच्या कापड बाजारात उधारीवर सगळं मिळतं. ग्रे कापड उधारीवर, रंगाई-छपाई उधारीवर, साडीला लावायची लेसपट्टीसुद्धा उधारीवर. पत तेवढी रोखीनं कमवावी लागते. रिंग रोडवरच्या एखाद्या गादीवर नवी पार्टी येऊन बसली की तिला चहा विचारतात, पाणी देतात, घरच्यांची ख्यालीखुशाली काढतात. आणि पार्टी चहाचा शेवटचा घोट घेईपर्यंत शेजारच्या खोलीतून दलालाला फोन झालेले असतात. पार्टी कुठली? माल कोणाकोणाकडून उचलते? पेमेंट किती दिवसांत? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शेवटी: ह्यांच्या घरातली दुसरी फर्म कोणती?

हा शेवटचा प्रश्न उगाच नसतो. सुरतेत एकेका कुटुंबाच्या चार-चार फर्मा. एक थोरल्याच्या नावावर, एक धाकट्याच्या, एक नुसतीच ‘फॅशन’ नावाची, आणि एक बायकोच्या नावावर, जिची खबर बायकोला नसते. कागदोपत्री चारही वेगळ्या. पॅन वेगळा, जीएसटी नंबर वेगळा, पाटी वेगळी. पण ‘फॅशन’नं कोणाचे पैसे बुडवले, की दुसऱ्या दिवसापासून थोरल्याला ग्रे कापड रोखीनं घ्यावं लागतं. थोरला पॅन कार्ड नाचवत ओरडतो, “ती फर्म वेगळी!” बाजार मान डोलावतो आणि पैसे आधी मागतो. बाजार पाटी वाचत नाही, घर बघतो.

ही अक्कल काही आजची नाही. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचा मुंबईतला कारभारसुद्धा अडीअडचणीला सुरतेच्या सराफांच्या हुंड्यांचा आधार घेत असे. ह्या हुंड्या दूरदूरच्या शहरांत वटायच्या, त्या कागदाच्या जोरावर नव्हे; खाली सही कोणाच्या पेढीची आहे त्यावर. त्याच्याही आधी सुरतेच्या श्रीमंतीचा लौकिक पार राजगडापर्यंत पोचलेला होता. शिवाजी महाराज 1664 मध्ये आणि पुन्हा 1670 मध्ये इथं येऊन गेले, हा इतिहास आम्ही सुरतेतली मराठी माणसं इथल्या शेठलोकांसमोर जरा जपूनच काढतो. वसुलीच्या दिवसांत तर नाहीच.

आम्ही म्हणजे उधना, लिंबायत, डिंडोली ह्या बाजूची मंडळी. वाडवडील जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती लाइनच्या गाडीत बसले आणि सुरतेला उतरून लूमवर लागले. पुढची पिढी लूमवरून गादीपाशी आली, म्हणजे गादीवर नव्हे, गादीसमोरच्या कॉम्प्युटरवर. सुरतेत सगळ्यांनाच ‘भाई’ लागतं, त्यामुळे मी पाटीलभाई. काम हिशेबाचं. पण कॉम्प्युटर चालवता येतो म्हटल्यावर दुकानात ज्या-ज्या वस्तूला वायर आहे ती पाटीलभाईंची, असा अलिखित नियम झाला. प्रिंटर, सीसीटीव्ही, शेठच्या नातवाचा टॅब. आणि मेल.

खरं तर सुरतेच्या बाजारात मेल कोणी हौसेनं वाचत नाही. सौदा व्हॉट्सॲपवर होतो, फोटो व्हॉट्सॲपवर जातात, भावावरून भांडणंही तिथंच. मेल हा वकिलाकडं न्यायचा कागद. जीएसटीचा ओटीपी, बँकेचं स्टेटमेंट, ट्रान्सपोर्टची बिल्टी, आणि ज्या पार्टीनं तीन महिने फोन उचलला नाही तिला पाठवायचा खातेउतारा, एवढ्यासाठी तो ठेवलेला. दुकानाच्या नावापुढे ‘डॉट इन’ लावून एक डोमेन घेतलेलं होतं, तिथून दिवसाला पन्नासेक मेल जायचे आणि मुकाट्यानं पोचायचे. कोणाची तक्रार नाही, कोणाचं कौतुक नाही. सरकारी पोस्टमनसारखं निमूट चाललेलं.

मग शेठचा भाचा डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करून आला.

“मामा, आपण अजून होलसेलमध्येच बसलोय. सिंगल पीस ऑनलाइन विकायचे. कस्टमरला रोज मेल मारायचे.”

“रोज?” शेठ म्हणाले. “भाणा, मी तुझ्या मामीशी रोज बोलत नाही.”

“तुम्ही बघाच. डेटा घेतलाय.”

डेटा म्हणजे एका पेन ड्राइव्हमधली पत्त्यांची यादी. ही यादी सुरतेत कशी विकत मिळते, कोण विकतं, आणि विकणाऱ्यानं ती कोणाकडून उचलली, ह्याच्या फंदात कोणी पडत नाही. नाव होतं ‘ऑल इंडिया बुटीक’. मी उघडून बघितली. पहिल्याच पानावर एक सिमेंटचा डीलर, दोन दातांचे डॉक्टर, मुलांच्या वसतिगृहाचे एक अधीक्षक आणि एक मठ. बुटीक एकही नाही. काही पत्ते अशा कंपन्यांचे, ज्या बंद पडूनही जमाना झाला. मी भीत-भीत म्हटलं, “अरे, एवढ्या अनोळखी लोकांना आपल्या डोमेनवरून मेल गेले तर आपलं नाव खराब होईल.”

भाचा हसला. कोर्सच्या फीचं हसू होतं ते. “पाटीलकाका, म्हणून तर सबडोमेन! मेन डोमेनवरून एकही मेल जाणार नाही. ‘ऑफर’ नावाचं वेगळं सबडोमेन काढलंय. बदनामी झालीच तर ‘ऑफर’ची होईल. मामाच्या डोमेनला वांधो नथी.”

सबडोमेन म्हणजे आपल्याच नावापुढे एक शब्द आणि एक टिंब जोडायचं. फुकट मिळतं, हवी तेवढी काढता येतात, नोंदणी नको, शिक्का नको. सुरतेत फुकट आणि हवं तेवढं म्हटल्यावर पुढं काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. ‘ऑफर’ निघालं. ते जरा मंदावल्यावर ‘धमाका’ निघालं. मग ‘मेगाधमाका’. लग्नसराईसाठी एक, ईदसाठी एक, पोंगलसाठी एक. प्रत्येकावर मजकूर एकच: जॉर्जेटच्या साडीचा फोटो, त्यावर तिरप्या लाल पट्टीत ‘फ्लॅट 70 टक्के’, आणि खाली ‘शेवटचे 3 तास!!!’ हे शेवटचे 3 तास नवरात्र, दिवाळी, देवदिवाळी ओलांडून संक्रांतीपर्यंत चालले. ‘मेल नको असल्यास इथं क्लिक करा’ ही ओळ फिकट राखाडी रंगात, मुंगीच्या अक्षरात होती, आणि क्लिक केलं की पुन्हा साडीचंच पान उघडायचं. भाचा ह्याला ‘एंगेजमेंट’ म्हणायचा.

मठातून एक उत्तर आलं. नम्र होतं. आम्ही साड्या नेसत नाही, एवढंच लिहिलेलं.

बाकीच्यांनी उत्तर लिहिण्याचे कष्ट घेतले नाहीत. त्यांनी ‘स्पॅम’चं बटन दाबलं.

आणि मग ज्या मेलचा साडीशी काही संबंध नव्हता ते बुडायला लागले. धुळ्याच्या एका पार्टीकडं जुनी बाकी होती. मी खातेउतारा पाठवला, दोन दिवसांनी फोन लावला.

“भाऊ, पेमेंटचं काय?”

“पाटीलभाऊ, उतारा पाठवा ना. पाहतो लगेच.”

“मेल केला ना परवा.”

“आईशप्पथ, नाही आला.”

ह्या बाजारात ‘मेल आलाच नाही’ हे वाक्य म्हणजे रामराम-श्यामश्याम. त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही आणि ठेवावा अशी बोलणाऱ्याचीही अपेक्षा नसते. पण भावानं बिचाऱ्यानं स्पॅमचं फोल्डर उघडून फोटो काढून धाडला. आमचा उतारा तिथंच होता. वर कोणती तरी लॉटरी, खाली टक्कल घालवण्याचं तेल, मधे आमची पेढी. सुरतेच्या कापड बाजाराच्या इतिहासात ‘मेल आला नाही’ म्हणणारी पार्टी खरं बोलत असल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. मग एकापाठोपाठ एक सगळ्याच पार्ट्या खरं बोलायला लागल्या. हे मात्र आम्हाला परवडणारं नव्हतं.

शेठनी विचारलं, “पण आपण तर दुसऱ्या पाटीवरून पाठवले होते ना?”

तर झालं असं. ई-मेल ज्या काळी जन्माला आला, त्या काळी त्यात ‘तू कोण?’ असं विचारायची सोयच नव्हती. 1971 मध्ये रे टॉमलिन्सननं एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पहिला मेल पाठवला आणि नाव-पत्त्यांच्या मधे ॲटचं चिन्ह बसवलं, तेव्हा जाळ्यावरची सगळी मंडळी एकमेकांच्या ओळखीची होती. पाठवणाऱ्यानं जे नाव लिहिलं ते खरं. पहिला आगंतुक जाहिरातीचा मेल 3 मे 1978 ला गेला. डीईसी ह्या कॉम्प्युटर कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्यानं जवळपास 400 जणांना एकदम निरोप धाडला, की नवं यंत्र आलंय, बघायला या. लोक भडकले, वरून समज मिळाली. ही हकीकत मी शेठना मोठ्या तळमळीनं सांगितली. शेठनी एवढंच विचारलं, “माल खपला का?” आता ह्यात अडचण अशी, की आपण त्यातून एक कोटी डॉलरच्या वर माल विकला, असं थर्क पुढं सांगत असे. शेठ भाच्याकडं बघून समाधानानं हसले. बोधकथा सांगताना शेवट आधी तपासावा.

पुढं लबाडी वाढली तशी चौकशी वाढली. पहिली आली एसपीएफ, तिचं लेखी नियमपत्रक 2006 मध्ये निघालं. ह्या डोमेनच्या नावानं कोणकोणत्या सर्व्हरनी मेल न्यायचा, ह्याची जाहीर यादी. मग 2007 मध्ये डीकेआयएम. मेलवर डोमेनची न पुसणारी सही. आणि 2012 मध्ये डीमार्क. वरच्या दोन्हींत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, ह्याचा मालकानं दिलेला हुकूम: जाऊ दे, बाजूला ठेव, की दारातूनच परत पाठव.

भाच्याची अडचण नेमकी इथं होती. डीमार्क जेव्हा घराणं शोधतं तेव्हा टिंबाअलीकडचे शब्द सोडत-सोडत मुळापर्यंत जातं. ‘ऑफर’ बाजूला, ‘धमाका’ बाजूला, ‘मेगाधमाका’ बाजूला. उरलं काय, तर मामांच्या दुकानाचं नाव आणि डॉट इन. त्याच्यापुढं मात्र ते जात नाही. ‘को डॉट इन’वर लाखो अनोळखी दुकानं आहेत, त्यातल्या एकानं दिवाळं काढलं म्हणून अख्खं मार्केट दिवाळखोर ठरत नाही. घर कुठं संपतं आणि मार्केट कुठं सुरू होतं, ह्याची एक जाहीर यादीच ठेवलेली आहे. आमच्या दलालालाही एवढी नेटकी यादी जमलेली नाही.

गूगलनं तर हिशेब लेखी दिला. ऑक्टोबर 2023 मध्ये गूगल आणि याहू ह्या दोघांनी नवे नियम जाहीर केले, फेब्रुवारी 2024 पासून ते लागू झाले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5,000 च्या घरात मेल गेले की तुम्ही घाऊक पाठवणारे. आणि ही बेरीज सबडोमेनला सबडोमेन धरून होते. 2,500 मुख्य डोमेनवरून आणि 2,500 जाहिरातीच्या सबडोमेनवरून गेले, तर ते 5,000 एकाच घरचे, असं उदाहरणच त्यांनी नियमात घातलंय. शिवाय एकदा घाऊक ठरलात की कायमचे घाऊक. उद्या सबडोमेन बंद करून सोवळं नेसलात तरी शिक्का जात नाही. मायक्रोसॉफ्टनंही आउटलुकच्या पत्त्यांसाठी 5 मे 2025 पासून असाच बडगा उगारला.

शेठना आकड्यांची भाषा कळते, म्हणून मी आकडा सांगितला. घाऊकवाल्याच्या मेलवर स्पॅमचं बटन दाबणाऱ्यांचं प्रमाण 0.3 टक्क्यांपर्यंत जाता कामा नये, आणि खरं तर 0.1 च्या खालीच असावं, असा नियम.

“म्हणजे?”

“म्हणजे हजारात तीन, शेठ.”

शेठ गप्प झाले. आमच्या धंद्यात हजार साड्यांतल्या तीनच परत आल्या, तर शेठ मार्केटभर घारी वाटतील. इथं आरजी म्हणून जो माल परत येतो, त्याच्यासाठी वेगळा कोपरा आहे, वेगळा माणूस आहे आणि त्या माणसाला वेगळं ब्लड प्रेशर आहे. साडीचा रंग उडाला, काठ उसवला, पाऊस आला, पार्टीच्या मुलीचं लग्न मोडलं, अशा कोणत्याही कारणानं पार्सल परत येतं आणि आम्ही घेतो. आणि इकडं हजारात तीन बोटं एका बटनावर पडली की सगळ्या दुकानाची झडती! “गूगलला सुरतेत चार महिने बसवा,” शेठ म्हणाले, “तीनशे टक्के करेल.”

आता न्यायानं बोलायचं तर भाचा शंभर टक्के चुकीचा नव्हता. सबडोमेनची स्वतःचीही एक खातेवही असते. एसपीएफची यादी आईबापाची मुलाला आपोआप लागू होत नाही, प्रत्येक सबडोमेनला स्वतःची लागते. म्हणून शहाण्या कंपन्या बिलं आणि ओटीपी एका वाटेनं पाठवतात आणि जाहिरात दुसऱ्या. एखाद्या जाहिरातीवर लोक जरा नाराज झाले तर ओटीपी अडकू नये, एवढा आडोसा त्यातून मिळतो. मेलवाल्या कंपन्या आपलं सगळं गणित उघड करत नाहीत, पण एवढं दिसतं, की बारीकसारीक चुका ज्याच्या-त्याच्या खात्यावर पडतात आणि मोठा गोंधळ घराच्या खात्यावर. आडोसा म्हणजे तटबंदी नव्हे. त्यात वाटा वेगळ्या करूनही यादी तीच, मजकूर तोच, आणि दुव्यावर बोट ठेवलं की उघडणारं पान मामांच्याच मुख्य डोमेनवरचं. मुखवटा घालून चोरी करायची आणि जाताना व्हिजिटिंग कार्ड ठेवायचं, ह्यातला प्रकार.

त्यात यादीतले ते मेलेले पत्ते. बंद पडलेले काही पत्ते मेलवाले मुद्दाम पुन्हा जागे करतात आणि गळ टाकून बसतात. त्या पत्त्याचा माणूस कधीच मेल मागवू शकत नाही. तरी तिथं मेल आला, म्हणजे यादी विकतची किंवा शिळी, हे आपोआप सिद्ध. आमच्या ‘ऑल इंडिया बुटीक’मध्ये असे गळ किती होते कोण जाणे, पण मासे आम्हीच होतो.

भाच्यानं मग घाईघाईनं दुरुस्त्या सुरू केल्या. एसपीएफच्या यादीत त्यानं ज्या-ज्या सेवेचं नाव कानावर आलं ती घातली. ह्या तपासाला मर्यादा आहे. 10 पेक्षा जास्त ठिकाणी चौकशी करायची वेळ आली, की तपासणारा सगळा अर्जच चूक ठरवतो. म्हणजे अकराव्या साक्षीदारानं पहिले दहाही बाद. आमचे खरेखुरे मेलही त्या दिवशी आमचे राहिले नाहीत.

मग डीमार्क. त्यात मुख्य डोमेनला एक हुकूम देता येतो आणि सबडोमेनना वेगळा. वेगळा दिला नाही तर मुख्य घराचाच सगळ्यांना लागू. आपले धमाके अडकू नयेत म्हणून भाच्यानं सबडोमेनसाठी ‘जाऊ दे’ असा हुकूम लिहून ठेवलेला होता. असं केलं की दाराला कुलूप आणि खिडक्या सताड. तुम्ही कधी काढलेलंच नाही अशा सबडोमेनच्या नावानं कोणीही लफंगा मेल धाडतो आणि खाली नाव तुमचं.

ह्या सगळ्यात मला स्वतःला धडकी भरवणारी गोष्ट निराळीच होती: ओस पडलेली सबडोमेन. पोंगल संपलं, ईद झाली, लग्नसरा आटोपली. पण ती सबडोमेन तशीच उभी. काही बाहेरच्या सेवांकडं बोट दाखवत होती, ज्यांची फी भाच्यानं कधीच थांबवली होती. हा आळस फक्त सुरतेत असतो असं समजू नका. फेब्रुवारी 2024 मध्ये गार्डिओ लॅब्ज ह्या संस्थेच्या संशोधकांनी एक कारस्थान उघडकीला आणलं. मोठमोठ्या कंपन्यांची 8,000 हून जास्त डोमेन आणि 13,000 सबडोमेन लबाडांनी अशीच ताब्यात घेतली होती आणि त्यांच्या पतीवर रोज लाखोंनी मेल सुटत होते. त्यात मायक्रोसॉफ्टच्या एमएसएनचं एक सबडोमेन होतं, मार्था स्टुअर्ट ह्या अमेरिकन बाईंच्या नावाचं. कधीकाळी एक स्पर्धा घेतली, तेव्हा काढलेलं. त्याचं बोट ज्या डोमेनकडं होतं ते वीसेक वर्षं बेवारस पडलं. मग 2022 मध्ये कोणी तरी ते रीतसर फी भरून विकत घेतलं आणि एमएसएनच्या नावानं धंदा सुरू केला. एसपीएफ पास, घराणं नामांकित, माल चोरीचा. मायक्रोसॉफ्टसारख्या घरात अडगळीच्या खोलीची किल्ली वीस वर्षं हरवते, तर आमच्या ‘मेगाधमाका’ची काय कथा. त्या रात्री बसून सगळी ओस सबडोमेन पुसली तेव्हा कुठं झोप लागली.

एवढं होऊन भाच्याकडं अजून एक पान शिल्लक होतं. “मामा, सोप्पं आहे. हे डोमेन सोडून देऊ. नवं घेऊ. आठशे रुपयांत नवी सुरुवात.”

ह्यावर मात्र मला बोलावं लागलं नाही. शेठ गादीवर सरळ होऊन बसले. बाजारात पार्टी उठते म्हणजे काय होतं ते त्यांनी उभ्या आयुष्यात पुष्कळदा बघितलेलं. रात्रीत शटर पडतं, चार महिन्यांनी समोरच्या मार्केटात तीच माणसं नवी पाटी लावून बसतात, अगरबत्ती लावतात, पेढे वाटतात. पेढे सगळे खातात. उधार कोणी देत नाही. “नव्या पाटीला कोण माल देतं, भाणा?” ते म्हणाले. मेलच्या दुनियेतही अगदी तसंच आहे. काल जन्मलेल्या डोमेनवरून आज हजारो मेल सुटले, की तपासणारे सगळ्यात आधी त्यालाच बाजूला घेतात. नव्याला पत नसते, आणि बदनामाला निदान जुने ओळखणारे तरी असतात.

मग जे करायला हवं होतं तेच केलं. पेन ड्राइव्ह कपाटात गेला. ज्यांनी गेल्या वर्षभरात खरंच साडी घेतली त्यांचीच यादी ठेवली. ती एवढीशी निघाली, की भाच्याला ती बघून वैराग्य आलं. जाहिरातीला एकच सबडोमेन, तिथून सुरुवातीला थोडे मेल, मग हळूहळू वाढवायचे. ‘नको’ म्हणण्याचं बटन वर, ठळक, एका टिचकीचं. नियम सांगतो की दोन दिवसांत नाव काढा, आम्ही त्याच दिवशी काढतो. बिलं आणि उतारे मुख्य डोमेनवरूनच, पण जाहिरातीचं एक अक्षर त्यात नाही. पत यायला जेवढे दिवस लागले त्याच्या निम्म्यात गेली होती, आणि परत यायला दुपटीहून जास्त लागले. हेही बाजाराच्या जुन्या हिशेबाप्रमाणंच.

आपल्याकडं पत्त्याच्या पतीचं महत्त्व रिझर्व्ह बँकेलाही पटलेलं दिसतं. फेब्रुवारी 2025 मध्ये तिनं जाहीर केलं, की देशातल्या बँकांनी ‘बँक डॉट इन’ ह्या राखीव डोमेनवर यायचं; मुदत दिली 31 ऑक्टोबर 2025. तिथं डोमेन फक्त खऱ्या बँकेलाच मिळतं. म्हणजे ग्राहकानं मेलचा मजकूर वाचत बसू नये, आधी घर बघावं. दलाल जे रिंग रोडवर चहाचा घोट संपायच्या आत करतो, ते सगळ्या देशाला शिकवायला एवढा खटाटोप.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणी साड्या विकत नसेल, पण क्लास चालवत असाल, पतपेढी, मंडळाचं मासिक किंवा लोणच्याचा घरगुती उद्योग चालवत असाल, आणि तुमच्याही घरात कोर्स केलेला एखादा भाचा असेल. त्याला सबडोमेन जरूर काढू द्या. फक्त यादी तुमच्या हातात ठेवा. ज्यानं तुमच्याकडून कधी काही घेतलं नाही त्याला मेल पाठवू नका. आणि ज्यानं घेऊन पैसे दिले नाहीत, त्याला सरळ फोन करा.